कलामहर्षी बाबूराव पेंटर : गावात राहिलेला कलावंत

(द्वितीय वर्ष, कला)

शिष्यवृत्तीच्या अर्जात पालकाचा व्यवसाय असा एक रकाना असतो. दोन वर्षांपूर्वी मी त्या रकान्यात पेंटर असे लिहिले. कचेरीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि घरे रंगवतात का, असे विचारले. मी म्हणालो, घरे नाही. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, देवळातली चित्रे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि माझा शब्द खोडून वर मजुरी असे लिहिले. अर्ज मंजूर झाला. पैसेही मिळाले. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते. पण त्या एका खोडलेल्या शब्दाने माझ्या मनात घर केले, आणि तोच शब्द ज्या माणसाने आडनाव म्हणून अभिमानाने मिरवला त्याच्याविषयी मी वाचू लागलो.

बाबूरावांचे मूळ आडनाव पेंटर नव्हे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे नाव. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. सुतारकाम, लोहारकाम, हस्तिदंतावरील कोरीव काम, चित्र, मूर्ती, असे सारे त्यांच्या हातात होते. बाबूरावांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. चित्रकलेच्या शाळेत तर ते कधी गेलेच नाहीत. पटाशी, हातोडी, रंगाची वाटी आणि वडिलांचे पाहून हात वळवणे, हीच त्यांची शाळा. आज आपण ज्याला कलाशिक्षण म्हणतो त्याचे एकही प्रशस्तिपत्रक त्यांच्याजवळ नव्हते. पुढे कामच असे झाले की लोक मेस्त्री हे आडनाव विसरले आणि पेंटर हेच कायम झाले.

ते कोल्हापूर कसे होते हे थोडे सांगितले पाहिजे. राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले होते. १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती राज्याची सूत्रे आली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांपासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे निघाली. खेड्यापाड्यांतून भाकरीची गाठोडी घेऊन मुले शिकायला येऊ लागली. माझ्यासारखी मुले, फक्त शंभर वर्षे आधीची. गावात तालमी होत्या, गवई होते, नाटक मंडळ्यांचे मुक्काम होते. कुस्तीला मैदान होते, गाण्याला बैठक होती, नाटकाला रंगभूमी होती. पण चित्र काढणाऱ्याने चित्र दाखवावे कुठे? चित्रे राजवाड्यात लागत किंवा सरदारांच्या दिवाणखान्यात. रस्त्यावरच्या माणसाने चित्र पाहावे अशी जागा गावात नव्हती.

याची झळ ज्यांना लागली असे एक मोठे चित्रकार बाबूरावांच्या आधीच्या पिढीत कोल्हापुरातच होते. त्यांचे नाव आबालाल रहिमान. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती सजवण्याची परंपरा. तिथून हा तरुण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळवून कोल्हापूरला परतला आणि मग इथेच राहिला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार केले. कोटीतीर्थाच्या काठी राहून त्यांनी आयुष्यभर रंगवले. तळे, झाडे, पहाटेचे धुके, संध्याकाळचे ऊन हे त्यांचे विषय. कोल्हापुरात अशी आख्यायिका सांगतात की १९२२ साली महाराज गेल्यावर या माणसाने खचून जाऊन आपली कितीतरी चित्रे तळ्याच्या पाण्यात सोडून दिली. खरेखोटे काहीही असो, हजारो चित्रे काढली असे ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांची आज हाताशी असलेली चित्रे फार थोडी आहेत. १९३१ मध्ये ते वारले.

याच कोल्हापूरचा दुसरा मुलगा महादेव विश्वनाथ धुरंधर. ते १८९० साली जे. जे. मध्ये गेले ते मुंबईचेच झाले. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली निघाली होती आणि तिची प्रदर्शने दरवर्षी भरत. १८९५ मध्ये तिचे सुवर्णपदक धुरंधरांना मिळाले आणि पुढे ते जे. जे. च्या संचालकपदापर्यंत पोहोचले. दोघांच्या गुणवत्तेची तुलना करण्याची माझी पात्रता नाही. एवढेच दिसते की एकाच्या वाट्याला दरवर्षी चित्र टांगायला भिंत आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला तळ्याचा काठ आला.

मग कोल्हापुरातल्या चित्रकार मुलापुढे दोनच वाटा होत्या असे वाटते. मुंबईला जावे, नाहीतर राजाच्या आश्रयाने राहावे. बाबूरावांनी यातली एकही वाट पूर्णपणे धरली नाही. ते नाटकाच्या पडद्याकडे वळले.

या वाटेवर ते एकटे नव्हते. आनंदराव हे त्यांचे भाऊबंद, वयाने थोर आणि हाताने तितकेच तयार. १९१० ते १९१६ या सहासात वर्षांत या दोघांनी जे पडदे रंगवले त्यांनी पश्चिम भारतात त्यांचे नाव झाले. संगीत नाटक मंडळ्या, पारशी आणि गुजराती नाटक कंपन्या त्यांच्याकडे पडदे मागू लागल्या. बाबूरावांच्याच वयाचे कोल्हापूरचे केशवराव भोसले आणि त्यांची ललितकलादर्श मंडळी यांच्याशी तर त्यांचा घरोबाच होता.

पडदा म्हणजे काय हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागेल. मीही तो अण्णांकडूनच, म्हणजे माझ्या वडिलांकडूनच, समजून घेतला. अण्णांनी लहानपणी जत्रेतल्या नाटकांचे पडदे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली काम केले आहे. जाड कापडाचे पट्टे शिवून रंगमंचाएवढे मोठे कापड करायचे. त्यावर सरस आणि खडूची भुकटी यांचा हात द्यायचा, म्हणजे कापडाची तोंडे बुजतात. मग कोरडे रंग सरसाच्या पाण्यात कालवून चित्र भरायचे. सरस ऊन असेपर्यंतच रंग नीट बसतो; निवला की गुठळ्या होतात. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, तेव्हा उद्या कसा दिसेल याचा अंदाज आजच बांधावा लागतो. सर्वांत अवघड म्हणजे लांबी. रंगवताना नाक कापडाला लागलेले असते आणि पाहणारा असतो शेवटच्या रांगेत. हातभर अंतरावरून जे नुसते फराटे दिसतात त्यांचा तिथून राजवाडा दिसला पाहिजे.

त्या काळी नाटक कंपनीजवळ रस्ता, महाल, बाग, अरण्य, देऊळ असे ठरावीक पडदे असत आणि कोणत्याही नाटकात तेच खाली सुटत. भडक रंग, सपाट कमानी. आनंदराव-बाबूरावांनी त्या सपाट कापडाला खोली दिली. ऊन कोणत्या बाजूने येते आहे, सावली कुठे पडेल, दूरचा खांब किती लहान दिसेल, हे सारे ते पडद्यात आणू लागले. जे. जे. मध्ये जे प्लॅस्टरच्या पुतळ्यांपुढे वर्षानुवर्षे बसून शिकवले जाई ते या दोघांनी चित्रे, छापील प्रती आणि प्रत्यक्ष वस्तू बघून मिळवले. आणि ते दाखवले कुणाला? दोन-चार आण्यांचे तिकीट काढून पिटात बसणाऱ्या माणसाला. माझ्या मते कोल्हापुरातले सामान्यांसाठी भरलेले पहिले चित्रप्रदर्शन हेच. त्याला कुणी प्रदर्शन म्हटले नाही इतकेच. उद्घाटनाला पाहुणे नव्हते, चित्राखाली किंमत नव्हती, आणि तरी एका रात्रीत शेकडो माणसे ते चित्र तासन्‌तास पाहत बसत.

हे दोघे पडद्यांत रमलेले असतानाच १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. हलणारे चित्र पाहिल्यावर या दोघांना चैन पडेना. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक वापरलेला प्रोजेक्टर आणला आणि चित्रपट दाखवायला सुरुवात केली. दाखवता दाखवता ते शिकत होते. कॅमेरा विकत घ्यावा एवढा पैसा नव्हता, तेव्हा कॅमेरा आपणच करावा असे ठरले. मेस्त्रीच्या घरातल्या मुलांना यात अशक्य असे काही वाटले नसावे. वस्तू उघडून पाहावी, तिचे दात नि चाके समजून घ्यावी आणि मग तशीच दुसरी घडवावी, हा तर घरचाच धंदा. पण काम अर्ध्यावर असताना १९१६ मध्ये आनंदराव वारले.

बाबूराव त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते. ज्याच्याबरोबर प्रत्येक पडद्याची पहिली रेघ मारली तो माणूस गेला. पुष्कळांनी इथे हात टेकले असते. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला बरोबर घेतले आणि १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. लेथवर कातलेला, कानशीने घासलेला, कोल्हापुरात घडलेला कॅमेरा. आज खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून स्तंभ उभा आहे. आम्ही विद्यार्थी रोज त्याच्यावरून जातो आणि तो कशाचा आहे हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसते. मलाही गेल्या वर्षापर्यंत नव्हते.

कॅमेरा झाला, भांडवलाचे काय? बड्या लोकांकडे शब्द टाकून झाले. अखेर मदतीला आल्या तानीबाई कागलकर. त्या गाणाऱ्या, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या आणि बाबूरावांच्या कलेच्या चाहत्या. त्यांनी पैसे दिले आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. एका कलावंताला दुसऱ्या कलावंताने हात दिला, आणि तोही आपल्या गळ्याच्या कमाईतून, ही गोष्ट मला कंपनीच्या पुढच्या साऱ्या यशापेक्षा मोठी वाटते. पदव्या आणि मानपत्रे देणारे पुष्कळ असतात. काम सुरू होण्याआधी पैसे देणारे विरळा.

१९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ झळकला. बायकांची कामे बायकांनीच केली होती. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. त्या काळात हे धाडसच होते. भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका खरा उतरला की प्रेक्षकांत किंकाळ्या उठल्या आणि पुढे तो प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले.

पडद्यावरचा राजवाडा रंगवणारा हा माणूस चित्रपटात मात्र रंगवलेल्या पडद्यांवर समाधानी राहिला नाही. त्याने पडदे बाजूला सारून खरोखरीची खोली असलेले देखावे उभारले. ‘सिंहगड’ (१९२३) साठी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रण केले. प्रत्येक प्रसंग आधी कागदावर रेखाटायचा, पोशाख, दागिने, उभे राहण्याची ढब चित्रात ठरवायची आणि मग कॅमेऱ्याला हात लावायचा, अशी त्यांची रीत होती. आणि जाहिरात! चित्रपटाची माहिती नि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी काढल्या आणि पोस्टर्स स्वतः रंगवली. ‘कल्याण खजिना’ (१९२४) चे पोस्टर हे आज टिकून असलेल्या आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या चित्रमय पोस्टरांत गणले जाते. पडद्यासाठी निदान तिकीट तरी काढावे लागे. पोस्टरला तेही नको. भिंतीवर लागले की ते भाजीवालीचेही आणि टांगेवाल्याचेही. चित्राला भिंत मिळत नव्हती ना? घ्या, साऱ्या गावाच्या भिंती.

बाबूरावांच्या हाताखाली किती माणसे तयार झाली पाहा. दामले, कागलचे साहेबमामा फत्तेलाल, आणि पडेल ते काम करत करत नट झालेला कोल्हापूरचा शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा. बाबूराव रागीट होते की शांत, शिकवताना बोलत की हातातला ब्रश काढून घेत, यावर मी लिहिणार नाही. पण दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) केला आणि व्हेनिसला त्याचा गौरव झाला तेव्हा त्या चित्रातले देहू, तो इंद्रायणीचा काठ, ती साधी घरे ज्या नजरेने पाहिलेली होती ती नजर कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्यांच्या कारखान्यात तयार झालेली होती. ते विद्यापीठच होते म्हणा ना. कोल्हापुरात खरे विद्यापीठ १९६२ साली आले.

‘सावकारी पाश’ (१९२५) विषयी लिहिताना माझा हात अडखळतो, कारण तो चित्रपट मी पाहिलेला नाही आणि पाहणे आता शक्यही नाही. कर्जापायी जमीन गमावून शहराच्या गिरणीकडे जाणारा शेतकरी ही त्याची गोष्ट. शेतकऱ्याची भूमिका शांतारामबापूंनी केली होती. अंधारातली झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे हे त्यातले दृश्य ज्यांनी पाहिले त्यांनी आयुष्यभर सांगितले. देवदेवतांचे आणि मावळ्यांचे चित्रपट गर्दी खेचत असताना या माणसाने कुणब्याची झोपडी पडद्यावर आणली. पण धंद्याच्या दृष्टीने तो चालला नाही. पौराणिकाला रांगा लावणारे आपलेच लोक होते आणि आपल्या घरची गोष्ट पाहायला न गेलेलेही आपलेच लोक होते, हे लिहिणे भाग आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना मला त्रास होतो. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बोलपट आला. चित्राच्या भाषेत बोलणाऱ्या बाबूरावांना तो फारसा मानवला नाही. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी काही बोलपट केले, १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलका करून पाहिला, आणि १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’ जुन्या शिष्याच्या राजकमल संस्थेसाठी हाती घेतला. शिष्य पुण्याला गेले, मुंबईला गेले, मोठे झाले. गुरू कोल्हापुरात राहिला. शिष्य गेले यात काही चुकले असे मी म्हणणार नाही. गेले नसते तर ‘संत तुकाराम’ झाला नसता. पण जो राहिला त्याला मागे पडलेला म्हणायची आपली जी सवय आहे ती मात्र मला पटत नाही.

कारण मागे राहून बाबूराव स्वस्थ बसलेले नव्हते. ते पुन्हा चित्रांकडे आणि पुतळ्यांकडे वळले. त्यांचे ‘जलवाहिनी’ हे चित्र जाणकार अजूनही नावाजतात. पुतळ्यांची तर गोष्टच निराळी. कोल्हापूरच्या भर चौकात लेस्ली विल्सन या गव्हर्नराचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला, पुढे फोडला आणि सरकारला तो हलवावा लागला. त्या जागी १९४५ साली शिवछत्रपतींचा अर्धपुतळा उभा राहिला. तो बाबूरावांनी घडवला, आणि तोही अवघ्या अठरा दिवसांत, असे कोल्हापुरात सांगतात. ब्रिटिश अंमल अजून गेलेला नव्हता. गव्हर्नराच्या ओट्यावर महाराज बसवायचे तर उशीर करून चालणार नव्हते, हे उघड आहे. त्याला कुणी निविदा काढली नव्हती आणि स्पर्धा भरवली नव्हती. गावाला पुतळा हवा होता आणि तो घडवणारा माणूस गावातच राहत होता.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूराव वारले. त्रेसष्ट वर्षांचे आयुष्य.

आता मागे काय उरले हे पाहायला गेलो तर मन विषण्ण होते. पडदे गेले. सरसाचे रंग ते, एका पावसाळ्याला भितात. आणि नवे नाटक आले की जुन्या कापडावर पुन्हा हात मारायची रीतच होती. मूकपट काही तुकड्यांखेरीज गेले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले पॅलेस थिएटर, ज्याला पुढे केशवराव भोसल्यांचे नाव दिले, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री गावातली म्हातारी माणसे खासबागेच्या कडेला उभी राहून रडत होती. त्यांच्यातल्या पुष्कळांना कलेची व्याख्या विचारली असती तर सांगता आली नसती.

लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या जागा बाबूरावांनी शोधल्या हे खरे, पण त्या साऱ्या नाशवंत जागा होत्या. कापड, फिल्म, भिंतीवरचा कागद. आबालालांची चित्रे कुणी पाहिली नाहीत म्हणून गेली आणि बाबूरावांची साऱ्यांनी पाहूनही गेली. या विचाराशी आल्यावर मी दोन दिवस पुढे लिहू शकलो नाही. चित्र लोकांत जायला हवे हे जितके खरे तितकेच कुणीतरी ते जपूनही ठेवायला हवे. टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची जी चित्रे आहेत त्यांच्यापुढे मी उभा राहिलो तेव्हा दालनात माझ्याखेरीज कुणी नव्हते. बाहेर बागेत मात्र आमच्याच वयाची मुले बाकांवर बसून फोटो काढत होती. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. मीही दोन वर्षे त्या बागेत बसून डबा खाल्ला, आत गेलो नव्हतो.

आज कोल्हापुरात चित्रकाराला जागा नाही असे म्हणणे खोटे ठरेल. दसरा चौकात शाहू स्मारक भवन आहे, तिथे चित्रांची प्रदर्शने भरतात. दळवीज आणि कलानिकेतन या कलाशिक्षणाच्या संस्था आहेत. पण दालनाचे भाडे, फ्रेमा, निमंत्रणपत्रिका हा खर्च ज्याला झेपतो त्याचेच चित्र तिथे लागते. आणि पाटी रंगवणाऱ्याची तर गोष्टच संपली. फ्लेक्स आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. जी पाटी करायला अण्णांना दोन दिवस लागत ती यंत्रातून काही मिनिटांत बाहेर पडू लागली. अण्णांनी कुणाला दोष दिला नाही. ते म्हणाले की पडदेवाल्यांचे पोट सिनेमाने मारले, आता आमची पाळी. घरात ब्रश आहेत, केरोसीनच्या डब्यात उभे असतात, आणि आता ते मुख्यतः गणपतीच्या दिवसांत बाहेर निघतात.

गेल्या वर्षी एका ठिकाणी विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरायचे होते. मी असे सुचवले की आसपासच्या गावांत जे पेंटर आहेत, ज्यांनी देवळांच्या भिंती आणि शाळांचे नकाशे रंगवले आहेत, त्यांचेही एकेक काम मागवावे; एक रांग त्यांची असू द्यावी. नियमात बसत नाही असे उत्तर आले. प्रदर्शन विद्यार्थ्यांचे होते, तेव्हा उत्तर बरोबरच होते. अण्णा मात्र ते प्रदर्शन पाहायला आले. एकेका चित्रापुढे हात मागे बांधून उभे राहिले. माझ्या चित्रापुढे कमी वेळ थांबले. परत निघताना दारावरची पाटी त्यांनी पाहिली. ती छापील होती. प्रदर्शन या शब्दातला रफार जरा पुढच्या अक्षरावर सरकलेला होता. ते काही बोलले नाहीत, पण मला दिसले की त्यांची नजर तिथेच अडकली होती.

त्या दिवशी एस. टी. ला अवकाश होता म्हणून मी त्यांना शिवाजी चौकात घेऊन गेलो. हा पुतळा बाबूराव पेंटरांनी केला, असे मी सांगितले. अण्णांनी तो शेकडो वेळा पाहिला होता. कुणी केला हे ठाऊक नव्हते. रहदारी चुकवत ते चारही बाजूंनी फिरले आणि एका बाजूला थांबून बराच वेळ वर पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, किती दिवस लागले. मी म्हणालो, अठरा दिवस म्हणतात. अण्णांनी अंगठ्याने बोटांची पेरे मोजली, पुन्हा एकदा वर पाहिले, आणि आम्ही ब्रश घ्यायला महाद्वार रोडच्या बाजूला निघालो.